वाट नसेल तिथे जाणारी गाडी

गेल्या डिसेंबरात मॉन्ट्रियलहून भाच्याचा फोन आला. इकडची खुशाली, तिकडची थंडी वगैरे झाल्यावर साहेब हळूच मुद्द्यावर आले. त्याला स्नोमोबिल घ्यायची होती आणि कोणती घ्यावी ते मामाला विचारायचं होतं. मामा राहतो शारजात. जुलैत इथे स्टिअरिंगला हात लावायचा तर फडकं लागतं. बर्फ आम्ही बघतो तो एक तर सरबताच्या ग्लासात, नाहीतर मॉल ऑफ द एमिरेट्समधल्या स्की दुबईत, तेसुद्धा पाहुणे आले की, बहुतेक वेळा काचेच्या बाहेरूनच! पण भाच्याचं म्हणणं असं, की मामाचा सगळा जन्म गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये गेला, वर वाळूत गाडी घालायचा नाद, तेव्हा बर्फ काय आणि वाळू काय, शेवटी रुतण्याचाच प्रश्न.

मंडळी, हे त्याचं म्हणणं मला पटलं. आणि कोणी सल्ला विचारला की नाही म्हणायची आपल्याकडे पद्धत नाही. म्हणून मी अभ्यासाला बसलो.

स्नोमोबिल म्हणजे पुढे दोन स्की, मागे रबराचा एक रुंद पट्टा, वर स्कूटरसारखं बसायचं. ढोबळ मानाने तिचे तीन प्रकार. पहिला ट्रेलवर पळणारा. ट्रेल म्हणजे यंत्राने दाबून सपाट केलेला बर्फाचा रस्ता. क्वीबेक प्रांतात असे हजारो किलोमीटर रस्ते क्लबवाले राखतात आणि त्यावर जायला पास काढावा लागतो. या गाडीचा पट्टा आखूड, साधारण १२९ इंचांचा, त्यामुळे ती वळणं झटकन घेते. दुसरा प्रकार डोंगरातल्या भुसभुशीत बर्फाचा. तिथे पट्टा दीडशे इंचांच्या पुढे आणि त्यावरचे रबरी दात अडीच-तीन इंच उंच. तिसरा या दोघांच्या मधला, ट्रेलवरही चालेल आणि ट्रेल सोडूनही जाईल असा. त्याला म्हणतात क्रॉसओव्हर. पट्टा १३७ ते १४६ इंचांचा. भाच्याला हीच हवी होती, पण हिच्यातही दहा मॉडेलं, आणि प्रत्येक विकणारा आपलीच खरी म्हणतो.

हे सगळं वाचता वाचता मी ज्याने हे यंत्र पहिल्यांदा जुळवलं त्या माणसापाशी पोचलो, आणि मग सल्ला बाजूला राहिला. त्याचं नाव जोसेफ-आर्मां बॉम्बार्डिये. फ्रेंच लोक असंच म्हणतात. आपण मुंबईकर बॉम्बार्डियर म्हणतो, कारण २०१५ पासून वेस्टर्न रेल्वेवर याच नावाच्या कंपनीच्या लोकल धावू लागल्या आणि प्लॅटफॉर्मवर लोक बॉम्बार्डियर आली म्हणून ओळखू लागले. चर्चगेट-विरार लोकलचा हा शंभर वर्षांपूर्वीचा आजोबा कोण होता, तेच आज सांगायचं आहे.

आर्मां जन्मला १६ एप्रिल १९०७ रोजी, क्वीबेकमधल्या वालकूर या खेड्यात. ही तारीख जरा लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे. आठ भावंडांत थोरला. वडील आल्फ्रेड आधी शेतकरी, पुढे गावात दुकान. पोराचं लक्ष लहानपणापासून चक्रांत. मोडक्या घड्याळांची चक्रं काढायची आणि त्यावर चालणारी खेळणी करायची. आपल्याकडे अशा मुलाला घरातले म्हणतात की काहीतरी उघडून ठेवतो आणि परत लावत नाही. हा मात्र परत लावायचा, आणि लावल्यावर ते चालायचं.

त्या गावांत हिवाळा म्हणजे पाच महिने बर्फ. उन्हाळ्यात फोर्ड मोटारी पळायच्या, पण पहिला मोठा बर्फ पडला की मोटारीची चाकं काढून ती ठोकळ्यांवर उभी करायची आणि वसंतापर्यंत घोडा आणि घसरगाडी. डॉक्टर घोड्यावर, टपाल घोड्यावर, बाळंतीणही घोड्याच्याच गाडीतून.

पंधरा वर्षांच्या आर्मांला वडिलांनी फोर्ड मॉडेल टीचं एक निकामी इंजिन दिलं. हेतू एवढाच, की पोरगं त्यात गुंतून राहील आणि बाकीच्या वस्तूंना हात लावणार नाही. पोराने ते इंजिन दुरुस्त केलं, घसरगाडीच्या चौकटीवर बसवलं आणि मागे हाताने तासलेला लाकडी पंखा जोडला, विमानाला असतो तसा. १९२२ सालच्या शेवटच्या दिवशी तो आणि त्याचा भाऊ लेओपोल्ड ते धूड घेऊन गावातून निघाले. एक पुढे बसून दिशा देतोय, दुसरा इंजिन सांभाळतोय, मागे तो उघडा पंखा गरगरतोय. गाव बघायला बाहेर. वडिलांनी तो पंखा पाहिला आणि त्यांच्या पोटात गोळा आला. मोडून टाक, असा हुकूम झाला. मी बाप म्हणून विचार केला तर त्यांचं काहीच चुकलं नाही. पण बर्फावर यंत्र चालतं हे पोराने पाहिलं होतं, ते आता कोण मोडणार?

वडिलांच्या मनात मुलाने धर्मगुरू व्हावं असं होतं. त्यासाठी चौदाव्या वर्षीच त्याला शेरब्रुकच्या धर्मशाळेत शिकायला ठेवलं होतं. तिथे त्याचा जीव रमला नाही. सतराव्या वर्षी त्याने वडिलांना राजी केलं आणि एका गॅरेजमध्ये उमेदवार म्हणून लागला. पुढे मॉन्ट्रियलला गेला. दिवसा काम, रात्री मेकॅनिकल आणि इलेक्ट्रिकलचे वर्ग. डिग्री नाही, कॉलेज नाही. मंडळी, आपल्यातले किती जण असेच आयटीआय करून इथे आले आणि उरलेलं रात्री जागून शिकले, ते आठवा.

१९२६ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्याने वालकूरला स्वतःचं गॅरेज उघडलं. भांडवल वडिलांचं, पण ते त्याने तीन वर्षांत चुकतं केलं. उन्हाळ्यात मोटारी, पंप, शेतीची अवजारं दुरुस्त करायची. गॅरेज चालायला लागलं. १९२९ मध्ये इव्हॉन लाब्रेकशी लग्न झालं. हिवाळ्यात मोटारी ठोकळ्यांवर असल्या, की गिऱ्हाईक नाही आणि हात मोकळे. त्या रिकाम्या महिन्यांत आणि रात्री तो बर्फावरची गाडी बनवायच्या मागे लागला. पंखा सोडला, इतर खटपटी केल्या. दरवर्षी एक नवा नमुना, दरवर्षी काहीतरी बिनसायचं. अडचण अशी होती की गाडी हलकी केली तर इंजिनाला ताकद नाही, आणि ताकदीचं इंजिन घातलं तर वजनाने ती बर्फात बसते.

आणि मग १९३४ चा हिवाळा आला. त्यांचा दोन वर्षांचा मुलगा, त्याचं नाव इव्हॉन, आजारी पडला. अपेंडिक्स फुटून विष पोटात पसरलं. ऑपरेशन लगेच हवं होतं. हॉस्पिटल शेरब्रुकला, सुमारे पन्नास किलोमीटरवर. आज चाळीस मिनिटांचा रस्ता. पण बाहेर बर्फाने सगळे मार्ग बंद, आणि घोड्याने पोचेपर्यंत वेळ जाणार. गॅरेजमध्ये बर्फावर चालायची गाडी होती, पण सुटी झालेली, अर्धवट, चालण्याच्या स्थितीत नाही. सगळ्या पंचक्रोशीत बर्फावरची गाडी बनवू शकणारा हा एकच माणूस, आणि त्याच्याच घरात गाडी तयार नव्हती. मूल गेलं.

इथे मी पुस्तक मिटून बाल्कनीत जाऊन उभा राहिलो. कारण मला आमची एक रात्र आठवली.

तारीख १६ एप्रिल २०२४. ती तारीख इथे राहणारा कोणीही विसरणार नाही. १९४९ पासून नोंदी आहेत, तेव्हापासूनचा सगळ्यात मोठा पाऊस त्या दिवशी अमिरातीत झाला. अल ऐनकडे खत्म अल शकला इथे चोवीस तासांच्या आत २५४.८ मिलिमीटर. शारजात आमच्या बिल्डिंगच्या खाली कमरेच्या वर पाणी, लिफ्ट बंद, दिवे गेलेले. मी तिसऱ्या मजल्यावर. समोरच्या दारात मल्याळी कुटुंब, त्यांचं दोन वर्षांचं मूल. रात्री त्याला ताप चढला आणि झटके यायला लागले. त्याचे वडील माझ्याकडे आले, कारण बिल्डिंगमध्ये फोर-बाय-फोर माझी. वाळूत कुठेही जाते अशी मीच वर्षभर फुशारकी मारलेली. आम्ही दोघं टॉर्च घेऊन खाली उतरलो. माझी गाडी बोनेटपर्यंत पाण्यात उभी होती. इंजिनात पाणी गेलेलं. चावी हातात धरून मी त्या माणसाकडे बघायचंही टाळलं.

शेवटी गल्लीच्या तोंडाशी एक लोडर आला, बांधकामावरचा, मोठ्या टायरांचा. चालवणारा पठाण होता, आपण होऊन निघाला होता आणि लोकांना उचलून कोरड्या जागी सोडत होता. आई आणि मूल त्याच्या केबिनमध्ये, वडील पायरीला लटकून, असे ते हॉस्पिटलला पोचले. मूल बरं झालं. आता मला पाहिलं की हात करतं. पण त्या जिन्यातली पंधरा-वीस मिनिटं माझ्या मनातून गेलेली नाहीत. त्या रात्री बॉम्बार्डिये हे नाव मला लोकलच्या पलीकडे माहीत नव्हतं. पुढे त्याची जन्मतारीख वाचली, १६ एप्रिल, आणि अंगावर काटा आला.

असो. आपण १९३४ मध्ये होतो.

त्या दुःखाबद्दल तो फारसा बोलला नाही, कामाला लागला. पुढच्या वर्षी, १९३५ मध्ये, त्याला गाठ सापडली. लाकडी दातेरी चाक, त्यावर रबराचं आवरण, आणि ते चाक ज्यात अडकून फिरतं असा पट्टा. पट्टा म्हणजे रबराचे दोन लांब पट्टे आणि त्यांना जोडणाऱ्या पोलादी आडव्या पट्ट्या. रबरामुळे बर्फ चिकटून गोठायचा नाही, पट्टा हलका राहायचा, आणि गाडीचं वजन मोठ्या जागेवर पसरायचं. वाळूत शिरताना आपण टायरची हवा ३५ वरून १५ वर का आणतो? टायर चपटा होतो, जमिनीला टेकणारी जागा वाढते, गाडी रुतत नाही. तेच तत्त्व. त्याने टायरच्या जागी पट्टा घातला, एवढंच. पेटंट मिळालं २९ जून १९३७ रोजी.

पहिली विकायची गाडी होती बी-७. बी म्हणजे बॉम्बार्डिये, सात म्हणजे सात माणसं. प्लायवूडची बंद केबिन, पुढे स्की, मागे पट्टे. घेणारे कोण होते ते महत्त्वाचं आहे. खेड्यातले डॉक्टर, गुरांचे डॉक्टर, टपालवाले, हॉटेलवाले, पाद्री. ज्या कामासाठी त्याच्या घरी गाडी नव्हती, त्याच कामासाठी ती दुसऱ्यांच्या घरी जायला लागली. मग मोठी बारा माणसांची बी-१२ आली. ती युद्धानंतर अडीच हजारांहून जास्त विकली गेली. शाळेच्या मुलांना नेणारी सी-१८ आली. १९४२ मध्ये कंपनी रीतसर स्थापन झाली. महायुद्धात सैन्यासाठी पट्ट्यांच्या गाड्या केल्या. गॅरेजचा कारखाना झाला आणि खेड्याला रोजगार मिळाला.

आता कोणालाही वाटेल की गंगेत घोडं न्हालं. पण १९४८ साली क्वीबेक सरकारने ठरवलं की हिवाळ्यात ग्रामीण रस्त्यांवरचा बर्फ काढायचा. लोकांच्या दृष्टीने उत्तम निर्णय. ह्याच्या धंद्यावर मात्र कुऱ्हाड. रस्ते उघडे राहिले, साध्या मोटारी हिवाळ्यातही पळू लागल्या, आणि बर्फावरच्या मोठ्या गाड्यांची विक्री एका वर्षात कोसळली. ज्या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात याने आयुष्य घातलं, तो प्रश्नच सरकारने पुसून टाकला.

गल्फमध्ये राहणाऱ्यांना हे वेगळं समजावायला नको. एक फतवा निघतो, एक प्रोजेक्ट बंद होतो, आणि दहा वर्षांचा जम एका महिन्यात बसतो. काही जण बॅगा भरतात, काही दुसरं काम शोधतात. बॉम्बार्डियेने विचार केला, की रस्त्यावर बर्फ नसला तरी जगात रस्ता नसलेल्या जागा पुष्कळ आहेत. शेतातल्या चाकांच्या ट्रॅक्टरला लावायचे पट्टे त्याने काढले. १९५३ मध्ये दलदलीत चालणारा मस्केग ट्रॅक्टर काढला. मस्केग म्हणजे कॅनडातली दलदल. तेल शोधणारे, लाकूडतोडे, विजेच्या तारा टाकणारे, सगळे तो वापरू लागले. अंटार्क्टिका ओलांडणाऱ्या फुक्सच्या मोहिमेतही एक मस्केग होता. चार वर्षांत घसरलेला धंदा पुन्हा उभा राहिला.

पण मनातली जुनी गोष्ट राहिलीच होती. एका-दोघांसाठी छोटी, हलकी गाडी, पंधराव्या वर्षी पाहिली होती तशी. इतकी वर्षं त्याला हलकं आणि भरवशाचं इंजिन मिळत नव्हतं. पन्नासच्या दशकाच्या शेवटी ते मिळालं. थोरल्या मुलाने, जेर्मेंने, बिनजोडाचा अखंड रबरी पट्टा तयार केला. दोन्ही जुळलं आणि १९५९ मध्ये स्की-डू आली. पुढे दोन लाकडी स्की आणि एक लहानसं इंजिन. पहिल्या नमुन्यांपैकी एक त्याने उत्तर ओंटारिओतल्या लॅन्सडाउन हाउस इथल्या एका मिशनऱ्याकडे, फादर मोरिस विमे यांच्याकडे नेला. ते कुत्र्यांच्या गाडीने वस्तीवस्तीवर फिरत. गाडीचं नाव म्हणे आधी स्की-डॉग ठरलं होतं, कुत्र्यांच्या जागी आलेली म्हणून, आणि कुठेतरी अक्षराची चूक होऊन डू झालं. खरं-खोटं देव जाणे, पण गोष्ट छान आहे. पहिल्या हंगामात २२५ विकल्या, किंमत नऊशे डॉलर.

बनवताना त्याच्या डोळ्यासमोर होते मिशनरी, शिकारी, सर्व्हे करणारे, दूरच्या वस्तीतले लोक. लोकांनी मात्र ती मजेसाठी घ्यायला सुरुवात केली. शनिवार-रविवार बर्फात उंडारायचं. विक्री दरवर्षी वाढत गेली. याने काय करावं? खूश व्हायचं सोडून तो सावध झाला. १९४८ ची आठवण ताजी होती. एकाच वस्तूवर कंपनी उभी राहिली आणि ती वस्तू उद्या लोकांना नकोशी झाली तर? म्हणून जाहिरातीवर पैसा उधळायला तो तयार नसे. ट्रॅक्टरकडे लक्ष कमी होऊ दिलं नाही.

१८ फेब्रुवारी १९६४ रोजी कॅन्सरने तो गेला, वय ५६. नावावर चाळीसहून जास्त पेटंटं. स्की-डूची खरी लाट त्याने पाहिलीच नाही. आधी मुलगा, मग १९६६ पासून जावई लोरां बोदोआं यांनी कंपनी पुढे नेली. १९७४ मध्ये मॉन्ट्रियल मेट्रोच्या डब्यांचं काम घेतलं, १९८६ मध्ये विमानांचा कारखाना घेतला. पुढे दिल्ली मेट्रो झाली, मुंबईची लोकल झाली. २००३ मध्ये स्नोमोबिलचा विभाग वेगळा काढून बीआरपी ही कंपनी झाली. २०२१ मध्ये रेल्वेचा विभाग आल्स्टॉमकडे गेला. आज बॉम्बार्डियर नावाखाली बिझनेस जेट उरली आहेत. आणि गंमत बघा, आपण अल बदायरच्या लाल टेकड्यांवर जातो तिथे भाड्याने मिळणाऱ्या कॅन-ॲम बग्या याच बीआरपीच्या. पूर्वी शुक्रवारी आणि आता वीकेंड बदलल्यापासून शनिवारी, मी कितीदा त्यांच्या धुळीत गाडी चालवली, पण वालकूरच्या गॅरेजशी त्याचा काही संबंध असेल हे डोक्यात आलं नव्हतं.

आता भाच्याचा सल्ला. तेवढा दिल्याशिवाय लेख संपवला तर माझी बहीण मला सोडणार नाही.

मी त्याला आधी विचारलं, की दहा वेळा बाहेर पडलास तर किती वेळा ट्रेलवर आणि किती वेळा ट्रेल सोडून? खरं बोल. बराच वेळ गप्प राहून तो म्हणाला आठ वेळा ट्रेलवर. मग मी १३७ इंचांचा पट्टा आणि साधारण दीड इंचाचे दात सांगितले. १४६ घेऊन मिरवायचं आणि वर्षभर प्रत्येक वळणावर झगडायचं, हे काही शहाणपणाचं नाही. आमच्यातही असे आहेत, वर्षातून चार वेळा वाळूत जायचं आणि त्यासाठी राक्षसी टायर लावून रोज शेख झायेद रोडवर कान किटवून घ्यायचे. शिवाय आणखी एक गोष्ट. बहुतेक स्नोमोबिलचं इंजिन उडालेल्या बर्फानेच थंड होतं आणि पट्ट्याखालच्या प्लास्टिकच्या सरकपट्ट्यांना वंगणही बर्फाचंच. कडक, गोठलेल्या ट्रेलवर सुटा बर्फ उडत नाही, तिथे उंच दातांची गाडी लवकर तापते. बर्फात गाडी तापते हे सांगताना मला इथे एसीत बसून हसू येत होतं.

जुनी घेणार असशील तर इंजिनाचं कॉम्प्रेशन बघ, पट्ट्याचे दात फाटलेत का बघ, सरकपट्ट्या झिजल्यात का बघ. आणि शेवटचं, ट्रेल सोडून एकट्याने जायचं नाही. वाळूत आम्ही एका गाडीने कधी जात नाही, निदान दोन हव्यात. डोंगरउतारावर जाणार असशील तर हिमकडा कोसळल्यावर माणूस शोधायचं यंत्र, फावडं आणि लांब सळई हे तिन्ही प्रत्येकाच्या अंगावर हवं, आणि वापरायचं शिक्षणही हवं. मशीन कुठेही जातं हे खरं, पण परत आणण्याची हमी मशीन देत नाही. हे मी त्या एप्रिलच्या रात्री जिन्यात उभा राहून शिकलो.

भाच्याने ऐकलं. या सप्टेंबरात त्याने सेकंडहॅण्ड १३७ घेतली. आणि घेतल्यावर पहिल्यांदा कुठे गेला असेल? मोटारीने वालकूरला, बॉम्बार्डियेच्या नावाचं म्युझियम बघायला. त्याचं जुनं गॅरेज तिथे जपून ठेवलंय. त्याने फोटो पाठवले. छोटीशी लाकडी इमारत, आत बाक, अवजारं. आपल्याकडच्या कुठल्याही तालुक्याच्या गावातलं गॅरेज असावं तशी.

मी तो फोटो समोरच्या मल्याळी शेजाऱ्याला दाखवला आणि गोष्ट सांगितली. त्याने ऐकून घेतली, मुलाला उचलून कडेवर घेतलं, आणि आत जाऊन माझ्यासाठी चहा टाकला.

दिवाळीच्या तुम्हा सगळ्यांना शुभेच्छा. गाडी कोणतीही असो, टाकीत पेट्रोल आणि खोडात एक दोरखंड असू द्या. आपल्याला नाही तर दुसऱ्या कोणाला लागेल.